ग्राफिक्स कार्डाच्या कोटेशनमध्ये एसएमपीएसचे मॉडेल हवेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वास्तुशास्त्र, अ‍ॅनिमेशन किंवा व्हिडिओ संकलन शिकणाऱ्या मुलांसाठी, आणि घरच्या गेमिंगसाठीही, असेंबल्ड संगणक घेणारी कुटुंबे आता तालुक्याच्या गावीही दिसतात. वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान पुरवण्यांत ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे, किती जीबीचे घ्यावे, यावर भरपूर लिहून येते. त्या कार्डाला वीज देणाऱ्या एसएमपीएसबद्दल मात्र फार तर ‘चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्या’ एवढे एक वाक्य असते. दुकानातल्या कोटेशनवर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम यांची नावे मॉडेलसकट असतात आणि शेवटच्या ओळीत नुसते ‘कॅबिनेट, सोबत एसएमपीएस ४५० वॅट’. आम्ही काही जण संगणक जोडणी-दुरुस्तीच्या कामात आहोत. ही शेवटची ओळ ग्राहकाने अशीच स्वीकारू नये, असे आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. एसएमपीएसचे नेमके मॉडेल आणि त्याच्या १२ व्होल्टच्या ओळीवरचे, म्हणजे १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरचे, अँपिअर लिहून घेतल्याशिवाय ग्राफिक्स कार्डाचे पैसे देऊ नयेत.

कारण असे. एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे डीसी पुरवठे तयार करतो. शिवाय स्टँडबायसाठी ५ व्होल्टची आणि नावापुरती उणे १२ व्होल्टची ओळ असते. खोक्यावरचा मोठा आकडा या सगळ्यांची बेरीज म्हणून छापलेला असतो. ग्राफिक्स कार्ड मात्र जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेते. प्रोसेसरही मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या ४ किंवा ८ पिनच्या जोडातून १२ व्होल्टच ओढतो. म्हणजे गेम किंवा रेंडरिंग चालू असताना यंत्राचा बहुतेक सगळा भार एकाच ओळीवर पडतो आणि ५ व ३.३ व्होल्टच्या ओळी जवळपास रिकाम्या असतात.

पूर्वी असे नव्हते. पेंटियम ३ च्या काळापर्यंत प्रोसेसरचा भार प्रामुख्याने ५ आणि ३.३ व्होल्टवर असे. २००० साली पेंटियम ४ च्या निमित्ताने १२ व्होल्टचा वेगळा ४ पिन जोड आला आणि तेव्हापासून भार १२ व्होल्टकडे सरकत गेला. स्वस्तातले, कॅबिनेटसोबत येणारे अनेक एसएमपीएस अजून जुन्या धाटणीचेच असतात. त्यांत १२ आणि ५ व्होल्ट एकाच नियंत्रणाने सांभाळले जातात. १२ व्होल्टवर भार वाढला आणि ५ व्होल्टवर नसला की १२ ची पातळी खाली येते आणि ५ ची वर चढते. आजच्या नीट बनवलेल्या एसएमपीएसमध्ये आधी फक्त १२ व्होल्ट तयार होतात आणि त्यांतूनच छोट्या डीसी-डीसी पट्ट्यांवर ५ आणि ३.३ व्होल्ट काढले जातात. त्यामुळे जवळपास पूर्ण क्षमता १२ व्होल्टवर मिळू शकते.

लेबल वाचणे अवघड नाही. ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेल्या एखाद्या एसएमपीएसच्या बाजूच्या तक्त्यात ३.३ व्होल्टखाली १८, ५ व्होल्टखाली १८ आणि १२ व्होल्टखाली १६ अँपिअर लिहिलेले आहेत असे धरू. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर मिळून एवढेच. ५ व्होल्टचे ९०, ३.३ व्होल्टचे ५९ आणि किरकोळ ओळींचे पंधराएक वॅट मिळवले तरी बेरीज ३५७ च्या आसपास थांबते, ४५० वर जात नाही. याउलट ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे ५४० वॅट. ज्या लेबलावर १२ व्होल्टच्या दोन ओळी दिल्या असतील तिथे दोन्हींचे अँपिअर परस्पर मिळवू नयेत. खाली एकत्रित कमाल वॅट दिलेले असतात, तो आकडा धरावा. आणि ज्या लेबलावर अँपिअरचा तक्ताच नाही, तो एसएमपीएस ग्राफिक्स कार्डासाठी घेऊ नये. त्याबद्दल आणखी विचार करण्याची गरज नाही.

आता गणित. इंटेल कोअर आय५-१२४०० एफ हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण इंटेलच्याच माहितीपत्रकात त्याची कमाल टर्बो मर्यादा, म्हणजे वेग वाढवून चालतानाची मर्यादा, ११७ वॅट आहे. एएमडीच्या ६५ वॅटच्या रायझन ५ ७६०० ची मर्यादा ८८ वॅट आहे. आय७-१३७०० के घेतला तर २५३ वॅट. हिशेबात हा मोठा आकडा धरायचा, खोक्यावरचा लहान नव्हे. कार्डाचे आकडे कंपनीच्या पानावर मिळतात (आरटीएक्स ही एनव्हिडियाची कार्डे, आरएक्स ही एएमडीची): आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट, आरटीएक्स ३०६० चे १७०, आरटीएक्स ४०७० चे २००, आरटीएक्स ५०७० चे २५०, आरएक्स ७८०० एक्सटीचे २६३, आरएक्स ९०७० एक्सटीचे ३०४, आरटीएक्स ५०९० चे ५७५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून ५० ते ६० वॅट धरावेत. जुन्या हार्ड डिस्क असतील तर प्रत्येकी आणखी १० वॅट.

१२४०० एफ आणि आरटीएक्स ४०७० ही जोडी घेऊ. ११७ अधिक २०० अधिक ६०, म्हणजे ३७७ वॅट. त्यांतले साडेतीनशेच्या आसपास १२ व्होल्टवरचे, म्हणजे साधारण २९ अँपिअर. वरच्या १६ अँपिअरच्या एसएमपीएसला हे झेपणार नाही, हे उघड आहे. ४५ अँपिअरच्या ५५० वॅटला झेपेल. एनव्हिडिया या कार्डाला ६५० वॅट सुचवते, कारण ग्राहकाचा प्रोसेसर कोणता आणि एसएमपीएस किती प्रामाणिक हे तिला ठाऊक नसते. आमचा सल्ला असा: बेरजेवर चाळीस ते पन्नास टक्के भर घाला आणि जो आकडा येईल त्याच्या वरचे बाजारात मिळणारे माप घ्या. या जोडीला ६५० वॅट योग्य. आरटीएक्स ४०६० ला साध्या प्रोसेसरबरोबर ५५० वॅट पुरून उरतो. आरटीएक्स ५०७० टीआय किंवा आरएक्स ९०७० एक्सटीला ७५०, आरटीएक्स ५०८० ला ८५०, आणि ५०९० ला १००० च्या खाली जाऊ नये. ‘ओसी’ (ओव्हरक्लॉक, म्हणजे कारखान्यातच वेग वाढवलेले) अशी अक्षरे लावून विकल्या जाणाऱ्या कार्डांची भूक मूळ मापापेक्षा जास्त असते. तेव्हा एनव्हिडिया-एएमडीचे पान पाहून थांबू नका. कार्ड ज्या कंपनीने बनवले तिच्या पानावरचा आकडा धरा.

ही भर कशासाठी, हे समजून घेतले तर दुकानदाराशी बोलणे सोपे जाते. कार्डाचे वॅट हा सरासरी आकडा असतो. काम बदलते तसा कार्डाचा विजेचा ओढा सेकंदाच्या अगदी बारीक भागात वरखाली होतो, आणि काही मायक्रोसेकंदांपुरती त्याची उसळी छापील आकड्याच्या दुपटीच्याही आसपास जाते. २०२० मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० च्या वेळी हे ठळकपणे पुढे आले: गणिताने पुरेसा असलेला एसएमपीएसही ऐन खेळात बंद पडू लागला, कारण प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की वीज तोडणाऱ्या त्याच्या ओव्हरकरंट संरक्षणाला ती उसळी म्हणजे शॉर्टसर्किट वाटे. त्यानंतर २०२२ मध्ये इंटेलने एटीएक्स ३.० हे एसएमपीएससाठीचे माप जाहीर केले. त्यानुसार नव्या १६ पिन जोडाच्या, ४५० वॅटवरच्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. पुढे ३.१ आले. अडीचशे वॅटच्या वरचे कार्ड घेणार असाल तर कोटेशनमध्ये ‘एटीएक्स ३.० किंवा ३.१’ हे शब्द लिहून घ्या. शंभर वॅट जास्त असलेल्या जुन्या एसएमपीएसपेक्षा हे शब्द अधिक उपयोगी पडतील.

‘८० प्लस ब्राँझ’, ‘गोल्ड’ या पट्ट्यांबद्दल फार गैरसमज आहे. ही पट्टी फक्त कार्यक्षमता सांगते: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती उपयोगी पडली आणि किती उष्णता होऊन गेली. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते. आपल्या २३० व्होल्टवर तोच एसएमपीएस थोडा अधिक कार्यक्षम चालतो. ही चाचणी २३ अंश सेल्सियसला होते. व्होल्ट किती स्थिर राहतात, संरक्षण वेळेवर काम करते का, आतले कपॅसिटर (वीज साठवून धरणारे भाग) कोणत्या दर्जाचे आहेत, याबद्दल ती पट्टी काही सांगत नाही. तरीही पट्टी नसलेल्यापेक्षा पट्टी असलेला बरा, आणि आपल्या बाजारात ब्राँझच्या खाली जाऊ नये, असे आमचे मत आहे. गोल्डसाठी जास्त पैसे द्यायचे की नाही, हे यंत्र रोज किती तास पूर्ण भारावर चालते यावर ठरवावे. वॉरंटी पाहणे हा त्याहून सोपा आणि बराच विश्वासार्ह निकष आहे. ज्या कंपनीला आपल्या मालाची खात्री असते ती ५, ७ किंवा १० वर्षे लिहून देते.

उन्हाळ्याचा विचार महाराष्ट्रात करावाच लागतो. एसएमपीएसची क्षमता कोणत्या तापमानाला मोजली आहे हे माहितीपत्रकात असते: काहींची ४० अंशांना, चांगल्यांची ५० अंशांना. चंद्रपूर, अकोला, नागपूर या भागात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो आणि एसी नसलेल्या खोलीतल्या कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. म्हणून ५० अंशांचे माप आणि १०५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर ही या भागातल्या ग्राहकाची गरज आहे. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर बसतो आणि कार्डाने तापवलेली हवाच आत ओढतो. खाली बसणाऱ्या कॅबिनेटमध्ये त्याला बाहेरची हवा मिळते. त्या खालच्या जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढली तरी पंख्याचा आवाज आणि आतली उष्णता दोन्ही कमी होतात.

वॅट पुरेसे असूनही कार्ड जळते ते बहुधा वायरींमुळे, म्हणून इथे थोडे विस्ताराने सांगतो. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, त्यांतले १२ व्होल्टवरचे ६६. ६ पिनचा जोड ७५ वॅटचा आणि ८ पिनचा १५० वॅटचा असतो. जीटीएक्स १६५० किंवा ६ जीबीची आरटीएक्स ३०५० यांची अनेक मॉडेल स्लॉटवरच चालतात, त्यांना वेगळी वायर लागत नाही. त्यापुढच्या कार्डांना जेवढे जोड आहेत तेवढे सगळे लावावेच लागतात. एकाच वायरीला पुढे दोन ८ पिन टोके असतात. साधारण २२५ वॅटपर्यंतच्या कार्डाला तशी एक वायर चालते. त्यापुढे मात्र प्रत्येक जोडाला एसएमपीएसमधून निघणारी स्वतंत्र वायर लावा. अन्यथा दोन जोडांचा सगळा प्रवाह १२ व्होल्टच्या तीन पिवळ्या वायरींतून आणि एसएमपीएसकडच्या एका जोडातून जातो, टोकाशी व्होल्ट पडतात आणि प्लास्टिक मऊ होऊ लागते.

एसएमपीएसला ८ पिन वायर नसेल तर त्याची कारणे असतात. तो त्या कार्डासाठी बनवलेलाच नसतो. तरीही बाजारात साटा जोडातून, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडीला वीज देणाऱ्या जोडातून, ६ किंवा ८ पिन काढून देणारे कन्व्हर्टर सर्रास मिळतात. साटा वीजजोडात १२ व्होल्टच्या तीन पिन असतात, प्रत्येकी १.५ अँपिअरच्या. एकूण ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्यातून ६ पिनचे ७५ वॅट काढायचे म्हटले तरी मर्यादा ओलांडली जाते, ८ पिनचे १५० तर दूरच. हे कन्व्हर्टर वितळतात आणि पेटतातही. ६ पिनचे ८ पिन करणारा तुकडाही तसाच फसवा आहे: ८ पिनमधल्या जादा दोन पिनांमुळे कार्डाला १५० वॅट उपलब्ध आहेत असे वाटते आणि ते तेवढे ओढायला जाते. दुकानदार असा कन्व्हर्टर फुकट देऊ लागला तर एसएमपीएस बदलून मागावा.

नव्या आरटीएक्स कार्डांवरचा १६ पिनचा जोड ६०० वॅटपर्यंत नेतो. त्यांत १२ व्होल्टच्या सहा पिन आहेत. ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, प्रत्येक पिनवर ८.३, आणि पिनची मर्यादा साधारण ९ ते ९.५ अँपिअर. जुन्या ८ पिनमध्ये हाच हिशेब पिनमागे ४.२ अँपिअरचा होता. नव्या जोडात चुकीला वाव फार थोडा आहे, हे या आकड्यांवरूनच कळते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० चे जोड वितळल्याच्या बातम्या आल्या. एनव्हिडियाने नोव्हेंबरमध्ये जगभरातली सुमारे ५० प्रकरणे असल्याचे सांगितले, आणि जोड पूर्ण आत न बसणे हा त्यांतला समान धागा असल्याचे म्हटले. पुढे सेन्स पिन (जोड लागला आहे हे कार्डाला कळवणाऱ्या बारीक पिन) आखूड करून जोड सुधारला गेला, जेणेकरून तो अर्धवट बसला तर कार्ड वीज घेणारच नाही. खबरदारी मात्र तीच आहे. कार्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी जोड लावून पाहा, कट्ट असा आवाज येईपर्यंत दाबा, टॉर्च मारून फट उरली नाही ना ते बघा, आणि जोडापासून ३५ मिलिमीटरपर्यंत वायर वाकवू नका. अरुंद कॅबिनेटच्या काचेला वायर दाबली जात असेल तर कॅबिनेट बदला.

मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता-घालता येणाऱ्या, एसएमपीएसच्या सुट्या वायरी एकाच्या दुसऱ्याला कधीही लावू नयेत. कार्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असते. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही, वेगळी असते. जोड बसतो, बटण दाबले की ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि हार्ड डिस्क विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या प्रोजेक्टसकट जाते. त्याचप्रमाणे प्रोसेसरची ४+४ पिनची वायर आणि कार्डाची ६+२ पिनची वायर दिसायला सारख्या असल्या तरी त्यांतल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत. जोर लावून बसवू नये.

सरकारी किंवा खासगी कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे संगणक जुन्या बाजारात स्वस्त मिळतात आणि त्यांत कार्ड घालण्याचा मोह होतो. त्यांचे एसएमपीएस बहुधा २४० ते ३०० वॅटचे असतात. दर्जा चांगला, पण कार्डाच्या वायरी नाहीत. अनेक मॉडेलमध्ये मदरबोर्डचा जोड २४ पिनचा नसून ६, ८, १० किंवा १४ पिनचा असतो, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस थेट बसत नाही. अशा यंत्रात वेगळ्या जोडाविना चालणारे ७०-७५ वॅटचे कार्डच घालावे. लहान आकाराच्या काही यंत्रांचा स्लॉट पूर्ण ७५ वॅटही देत नाही, म्हणून आधी त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल वाचावे.

ज्यांच्या घरी कार्ड आधीच बसले आहे आणि यंत्र त्रास देते आहे, त्यांच्यासाठी. गेममध्ये यंत्र एकदम बंद होते आणि मागचे बटण बंद करून काही सेकंदांनी चालू केल्याशिवाय सुरूच होत नाही, तर एसएमपीएसचे ओव्हरकरंट किंवा ओव्हरपॉवर संरक्षण पडले असण्याची शक्यता मोठी. आपोआप रीस्टार्ट होत असेल तर व्होल्ट क्षणभर खाली जाऊन मदरबोर्डला मिळणारा पॉवर-गुड (वीज ठीक आहे असे सांगणारा) संकेत तुटत असावा. पडदा काळा, पंखे जोरात, पण आवाज चालू, असे झाले तर आधी कार्डाचे जोड तपासा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद यंत्र नीट बंद झाले नाही एवढेच सांगते. तेवढ्यावरून एसएमपीएसला दोष देऊ नये. ओसीसीटीसारख्या प्रोग्रॅमने प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकाच वेळी भार द्या आणि तेव्हा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून रिकाम्या ४ पिन मोलेक्स जोडाच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत माप घ्या. ११.४ ते १२.६ च्या बाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदलायचा. मदरबोर्डचे सेन्सर सॉफ्टवेअरमध्ये दाखवतात तो आकडा अंदाजापुरताच. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवण्याची जी चाचणी दुकानांत होते, तिने एसएमपीएस चालू होतो एवढेच कळते, भार पेलतो की नाही ते नव्हे. एसएमपीएस उघडू मात्र नका: आतला मुख्य कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर धरून ठेवू शकतो.

नवा एसएमपीएस येईपर्यंत कार्डाची पॉवर लिमिट (कमाल वीज ओढण्याची मर्यादा) ७० ते ८० टक्क्यांवर आणता येते आणि फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येला, मर्यादा घालता येते. वेग त्या प्रमाणात कमी होत नाही, बहुतेक कार्डांवर घट बरीच थोडी असते. पण उसळ्या त्याने लहान होतात, नाहीशा होत नाहीत.

यूपीएस आणि इन्व्हर्टरचेही इथेच सांगतो, कारण भारनियमनाच्या गावांत सगळा दोष एसएमपीएसवर जातो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. वरची १२४०० एफ आणि ४०७० ची जोडी गेममध्ये मॉनिटरसकट भिंतीतून तेवढे ओढते. वीज गेली की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळेच बंद. अशा यंत्राला १००० ते ११०० व्हीएचा, म्हणजे ६०० वॅट किंवा त्यावरचा यूपीएस घ्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (विजेचा ओढा सुरळीत करणारे सर्किट असलेले) एसएमपीएस कधी बंद पडतात, कधी भुणभुणतात. शुद्ध साइन वेव्ह हवी. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असेल तर ते चालू ठेवा, कारण वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्या साठ्यावर जेमतेम १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो आणि तेवढ्यात बदल व्हायला हवा. ज्या गावांत व्होल्टेज पडते तिथे १०० ते २४० व्होल्ट असे लेबल असलेलाच घ्या. मागे लाल रंगाचे ११५/२३० चे सरकते बटण असलेला एसएमपीएस जुन्या धाटणीचा असतो, आणि ते बटण चुकून ११५ वर गेले तर आपल्या विजेवर तो क्षणात जळतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ही तक्रार आम्हाला पावसाळ्यात हमखास ऐकू येते. त्याचे कारण घरात अर्थिंग नसणे हे आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर पेटीशी जोडलेले असतात, आणि अर्थ नसेल तर पेटीवर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण मॉनिटरची केबल लावता-काढताना तोच कार्डाचा पोर्ट घालवू शकतो. दोन पिनचा कन्व्हर्टर वापरू नका आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. १००० वॅटचा एसएमपीएस पूर्ण भारावर पाच अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याला स्वस्त एक्स्टेंशन बोर्ड देऊ नये. १६ अँपिअरचा सॉकेट असलेला बरा.

आपल्या पुरवणीला आमची विनंती आहे की ग्राफिक्स कार्डाबद्दल लिहिताना किमतीशेजारी कार्डाचे वॅट, त्याला लागणारे जोड आणि सुचवलेला एसएमपीएस हे तीन तपशील छापावेत. दुकानदार बांधवांना विनंती की कोटेशनमध्ये कॅबिनेट आणि एसएमपीएस या दोन वेगळ्या ओळी कराव्यात, आणि एसएमपीएसच्या ओळीत कंपनी, मॉडेल, १२ व्होल्टचे अँपिअर, ८ किंवा १६ पिन वायरींची संख्या व वॉरंटीची वर्षे लिहावीत. ग्राहकाने माल ताब्यात घेताना कॅबिनेटची बाजू उघडून लेबल कोटेशनशी ताडून पाहावे, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासावा, आणि एसएमपीएसचा सीरियल क्रमांक बिलावर घालून घ्यावा. कॅबिनेटमध्ये बसवल्यावर लेबलाची बाजू अनेकदा आत दडते, म्हणून त्याचा फोटो जोडणीच्या आधीच काढून ठेवावा.

आपले,
संगणक जोडणी-दुरुस्ती करणारे काही वाचक, पुणे